टिलरचा गिअर सुटतोय, ऑइल पांढरं होतंय : गिअरबॉक्स खोलायच्या आधी काय काय बघायचं

"गिअर रवणा नाय" (गिअर टिकत नाही) एवढंच सांगून लोक टिलर घेऊन येतात, पण या एका वाक्यात चार वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि चारही बिघाडांचा इलाज वेगळा आहे. म्हणून आधी तुमच्या मशीनची लक्षणं नीट बघा. शेतात बघा, अंगणात नाही, कारण अंगणात लोड नसतो आणि लोडशिवाय निम्मे बिघाड दिसतच नाहीत.

– लोड आला की गिअरचा दांडा आपोआप न्यूट्रलला येतो. हे खरं गिअर सुटणं.
– दांडा जागेवरच असतो पण एक चाक थांबतं आणि मशीन एका बाजूला वळतं, बरोबर टक-टक-टक आवाज येतो. हे गिअरचं काम नाही, साइड क्लचचं (वळताना एका चाकाचा ड्राइव्ह तोडणारा क्लच) आहे.
– दांडा जागेवर, दोन्ही चाकं थांबतात, इंजिन मात्र मोकळं पळतं. बेल्ट नाहीतर मेन क्लच.
– गिअर पडतानाच कर्रर्र वाजतं, पडला की मग टिकतो. क्लच पूर्ण सुटत नाहीये.
– गिअरबॉक्सचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय, लेव्हल आपोआप वाढलीय किंवा चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ दिसतोय. पाणी आत गेलंय. आज गिअर सुटत नसला तरी पुढच्या मोसमात सुटेल.

मी लिहितोय ते जुन्या दोन हँडलच्या पॉवर टिलरबद्दल, १२-१३ एचपीवाले, इंजिनपासून बेल्टने क्लच पुलीला ड्राइव्ह जाणारे. आपल्याकडे बहुतेक दोनच घराणी दिसतात, व्हीएसटीचे टिलर मित्सुबिशीच्या तंत्रावर आणि केरळच्या कामकोचे कुबोटाच्या तंत्रावर बनत आले, त्यामुळे पार्ट एकमेकांना लागत नसले तरी आतला हिशोब साधारण एकच आहे. इंजिन, बेल्ट, मेन क्लच, गिअरबॉक्स, मग डावा-उजवा साइड क्लच, मग चाकाचा शाफ्ट. हा क्रम डोक्यात ठेवा कारण तपासणी ह्याच क्रमाने बाहेरून आत जाते. मित्सुबिशी शक्तीचा १८.५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर असेल तर ऑइलपर्यंतचं सगळं लागू आहे, पुढे मात्र त्यात डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आलं, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

आता हे दुखणं कोकणात एवढं का? देशावर हेच टिलर ऊस-भाजीपाल्यात कोरड्या रानात वर्षानुवर्षं चालतात आणि गिअरबॉक्सला कोणी हात लावत नाही. आपल्याकडे मशीनचं खरं काम जून-जुलैत, चिखलणीला, आणि तेव्हा चाकाचा शाफ्ट तासन् तास पाण्याखाली असतो. वर लोखंडी केजव्हील (पिंजऱ्यासारखी चाकं) लावलेली, कुणगे (भाताचे वाफे) लहान, दर थोड्या वेळाने मेर (बांध) ओलांडायची, मेरेला जांभ्याचे दगड, प्रत्येक धक्का थेट शाफ्टच्या बेअरिंगला. त्यात खाडीकाठची खाजण जमीन असेल तर पाणीही खारट. एवढं सगळं सोसायला मध्ये फक्त एक रबरी सील आहे.

आणि पाणी आत कसं शिरतं हे समजून घ्या, कारण हे कळलं नाही तर तुम्ही दरवर्षी सील बदलत राहाल. गिअरबॉक्स चालून गरम होतो, आतली हवा फुगते, ती ब्रीदरमधून बाहेर जायला पाहिजे. ब्रीदर म्हणजे वरच्या कव्हरवरचा बारीक भोकाचा बोल्ट किंवा टोपी, काही मशीनला ऑइल भरायच्या झाकणातच असतो. तो चिखलाने बुजलेला असेल तर फुगलेली हवा सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. मग तुम्ही जेवायला जाता, गरम मशीन कुणग्यात पाण्यात उभं, गिअरबॉक्स गार पडतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून बाहेरचं पाणी आत ओढून घेते. दिवसातून दोनदा हे झालं तरी मोसमात केवढं पाणी जातं बघा. सील नवीन असलं तरी जातं. म्हणून माझं पहिलं सांगणं नेहमी हेच, जेवायच्या सुट्टीत टिलर पाण्यातून बाहेर काढून मेरेवर उभा करा आणि ब्रीदर मोकळा ठेवा. याला पैसे लागत नाहीत.

पहिलं : दांडा आणि त्याच्या खालचा चिखल

इंजिन बंद. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलंय का बघा, त्याच्या खाली चिखल सुकून दगड झालाय का बघा. दांडा गिअरमध्ये टाकल्यावर पुढे थोडा तरी मोकळा जायला हवा, तो जर कव्हरच्या कडेला, हँडलच्या पट्टीला किंवा सुकलेल्या चिखलाला टेकत असेल तर आत गिअर पूर्ण बसतच नाही, दात अर्धेच अडकतात आणि लोड आला की सटकतात. दांडा वाकलेला असणं हेही फार कॉमन आहे, टेम्पोत चढवताना दोर दांड्याला बांधतात त्याने वाकतो. दुसऱ्या टिलरच्या शेजारी उभं करून तुलना करा, लगेच दिसतं. काही मशीनला दांड्याखाली लिंक रॉड असतो, त्याची पिन झिजून भोक लांबट होतं, नवीन पिन आणि वॉशर घातलं की काम झालं. गिअर सुटतो म्हणून बॉक्स खोलायला निघालेली कितीतरी मशीन इथेच बरी होतात, म्हणून हे पहिलं.

दुसरं : साइड क्लचची केबल

हँडलच्या खालचे दोन लिव्हर, वळवायचे. हे लिव्हर हाताने हलवून बघा, सुरुवातीला थोडा मोकळा खेळ पाहिजे. खेळ नसेल तर केबल ताणलेली आहे आणि आतला दातेरी क्लच कायम थोडासा सुटलेला राहतो. मग लोड आला की एका बाजूचा क्लच टकटक करत निसटतो आणि माणसाला वाटतं गिअर सुटला. टिलरला डिफरन्शियल नसतं, एक बाजू सुटली की दुसरं चाक ओढत राहतं आणि मशीन गर्रकन वळतं, ही खूण लक्षात ठेवा. नट सैल करून केबल थोडी ढिली करा, लिव्हर पूर्ण सोडल्यावर क्लच पूर्ण बसतोय याची खात्री करा. केबल आत गंजून परत येत नसेल, समुद्राजवळच्या गावांत हे फार, तर तेल सोडत बसू नका, केबलच बदला. खाऱ्या वाऱ्यात आतली तार एकदा गंजली की आठवड्यात परत अडकते.

हे दुखणं अंगावर काढलं तर मात्र त्या क्लचचे दात गोल होतात आणि मग केबल कितीही ढिली केली तरी तो सुटतच राहतो. तेव्हा बॉक्स खोलायला लागतो.

तिसरं : बेल्ट आणि मेन क्लच

बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबून बघा, साधारण बोटाच्या जाडीएवढा दबला पाहिजे. जास्त दबत असेल तर इंजिनचे बोल्ट सैल करून इंजिन पुढे सरकवायचं, दोन्ही बाजूंनी सारखं, नाहीतर पुली तिरकी होऊन बेल्ट कडेने खातो. बदलायचे तर सगळे बेल्ट एकदम आणि एकाच लॉटचे, एक नवा आणि दोन जुने घातले की सगळा लोड नव्यावर येतो. गिअर पडताना कर्रर्र वाजत असेल तर मेन क्लचचं अ‍ॅडजस्टमेंट बघा, क्लच ओढल्यावर पुली फिरत राहून गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबला पाहिजे. तो थांबत नसेल आणि तुम्ही दररोज जबरदस्तीने गिअर घालत असाल तर दातांच्या कडा उडतात आणि पुढे हाच गिअर सुटायला लागतो. म्हणजे आज क्लचचं साधं काम टाळलं की ते उद्या गिअरबॉक्सवर जातं.

चौथं : ऑइल

इथे वेळ द्या. गिअरबॉक्स आत कसा आहे हे न खोलता सांगणारी ही एकच गोष्ट आहे.

मशीन रात्रभर सपाट जागेवर उभं ठेवा, हलवू नका. सकाळी खाली पसरट डबा ठेवून ड्रेन प्लग हळूहळू सैल करा, एकदम काढू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, ते रात्रीत तळाला बसतं, त्यामुळे पहिली धार पाण्याची आली तर ती तुम्हाला स्वच्छ दिसेल. एकदम प्लग काढला तर सगळं एकत्र येतं आणि काही कळत नाही. ऑइल पूर्ण पांढरं-तपकिरी झालेलं असेल तर पाणी त्यात घुसळून गेलंय, ते खाली बसणार नाही, त्याला परीक्षेची गरजच नाही.

शंका असेल तर, म्हणजे ऑइल नुसतं थोडं धुरकट दिसतंय, तर एक जुना पत्र्याचा तुकडा गॅसवर किंवा चुलीवर चांगला तापवा, स्वयंपाकाचा तवा घेऊ नका, आणि काडीच्या टोकाने एकच थेंब सोडा. चांगलं ऑइल शांतपणे पसरतं आणि थोड्या वेळाने धूर येतो. पाणी असेल तर थेंब तडतडतो, बारीक बुडबुडे येऊन उडतो. डोळ्यांवर चष्मा पाहिजे, चेहरा लांब, आणि आधी बाटलीतल्या नव्या ऑइलचा एक थेंब टाकून बघा म्हणजे फरक ओळखता येईल. एवढ्याशा थेंबात एवढं पाणीसुद्धा कळतं जे डोळ्याला दिसत नाही.

मग डब्यात लोहचुंबक फिरवा. जुन्या स्पीकरचं चुंबक उत्तम. त्यावर काळी मऊ लव जमली, बोटांत चोळल्यावर खरखर लागत नाही, तर ती नेहमीची झीज आहे, जुन्या मशीनला असणारच. चकचकीत कपचे, सुईसारखे तुकडे, दाताचा कोपरा, असं काही आलं तर मशीन चालवू नका, अगदी शेवटचा कुणगा राहिला असेल तरी नको, कारण तो तुकडा फिरत फिरत दुसऱ्या दोन दातांमध्ये गेला की बॉक्स फुटतो. चुंबकाला न चिकटणारे पिवळे कण असतील तर बुश किंवा थ्रस्ट वॉशर झिजतोय. लालसर पाणी आणि गंजाचा थर म्हणजे मशीन पाणी घेऊन बराच काळ उभं होतं, आणि बेअरिंगच्या गोळ्यांना डाग पडलेत असं धरून चाला.

कपचे नाहीत, फक्त पाणी आहे, तर आत्ता खोलायची गरज नाही. थोडं स्वस्त ऑइल आणि डिझेल अर्धं-अर्धं घालून, चाकं उचलून, हळू इंजिनवर पहिल्या गिअरमध्ये पाच-सात मिनिटं फिरवा, लोड अजिबात नको, डिझेलमुळे दातांवर थर राहत नाही. गरम असतानाच काढा, प्लग उघडा ठेवून रात्रभर निथळू द्या, मग नवीन ऑइल. कुठलं घालायचं तर तुमच्या मशीनच्या पुस्तकात जो नंबर असेल तो, आपल्याकडे सगळे डोळे झाकून ९० नंबर घालतात आणि पुष्कळ मशीनला तो बरोबरही आहे पण पुस्तक बघा. दुकानदार भारी म्हणून जीएल-५ वर्गाचं गिअर ऑइल देत असेल आणि तुमच्या पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४ च घ्या, जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची अ‍ॅडिटिव्ह गरम झाल्यावर पितळी बुशांना खाऊ शकतात. काही तास चालवून परत एकदा रंग बघा. रोटरीच्या बाजूच्या केसमध्ये वेगळं ऑइल असतं, ते बघायला लोक हमखास विसरतात, तिथेही हेच पाणी गेलेलं असतं.

जुनं ऑइल व्हाळात (ओढ्यात) ओतू नका, आपल्या विहिरी त्याच पाण्यावर आहेत. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

पाचवं : चाकाचं सील

पाणी सापडलं म्हणजे सील बघायलाच हवं. चाक काढा, हबच्या मागे काय गुंडाळलंय ते बघा. पेंढा, गवत, आणि किनाऱ्याच्या गावांत मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा नायलॉन दोरा. आपण जुनी जाळी कुंपणाला लावतो, तिचे तुकडे रानात येतात, शाफ्टवर गुंडाळले जातात, गरम होतात आणि सीलच्या ओठाखाली घुसून रबर कापतात. हा दोरा काळा पडलेला, चिखलात मिसळलेला असतो, दिसत नाही, छोट्या चाकूने खरवडून काढायचा. चिखलणीच्या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी हबच्या मागे हात घालून बघितलंत तर निम्मी सील वाचतील.

सीलवर तीन आकडे असतात, समजा ३५-५२-७, म्हणजे शाफ्ट ३५ मिमी, घर (सील ज्या गोल खोबणीत बसतं ती) ५२ मिमी, जाडी ७ मिमी. जुन्या सीलवरचा नंबर वाचा आणि शाफ्ट कॅलिपरने मोजा, आधीच्या माणसाने चुकीचं बसवलेलं असू शकतं. घेताना दोन ओठांचं घ्या, एक ओठ ऑइल आत ठेवायला आणि दुसरा बाहेरचा चिखल अडवायला.

आता खरी गोष्ट. जुनं सील काढलं की शाफ्टवर जिथे ओठ बसत होता तिथे चिंधीने पुसा आणि नख आडवं फिरवा. नख अडलं तर तिथे खाच पडलीय. चिखलातली जांभ्याची बारीक खडी रबरात रुतते आणि तेच रबर शाफ्ट कापतं. अशा शाफ्टवर नवीन सील बसवलं तर ते पहिल्याच पावसात गळणार, आणि मग दुकानदाराला दोष देतात की सील डुप्लिकेट दिलं. खाच हलकी असेल तर सील घरात दोनेक मिमी आत किंवा बाहेर बसवा म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. जास्त असेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्या, लेथवाला करून देतो. पॉलिश पेपर मारायचा तर शाफ्टच्या भोवती गोल मारा, लांबीत मारलेला प्रत्येक ओरखडा ऑइलला वाट करून देतो.

बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. दोन ओठांच्या मध्ये ग्रीस भरा. शाफ्टच्या टोकाला खाचा किंवा स्प्लाइन असतील तर त्यावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून मग सील सरकवा, नाहीतर ओठ तिथेच कापला जातो आणि तुम्हाला कळतही नाही. ठोकताना सीलच्या व्यासाचा पाइपचा तुकडा वापरा, हातोडी थेट नको.

त्याच वेळी चाकाचा शाफ्ट दोन्ही हातांनी वर-खाली हलवून बघा. जाणवण्याएवढा खेळ असेल तर बेअरिंग गेलंय, आणि शाफ्ट डुलतोय तोवर जगातलं कुठलंही सील टिकणार नाही.

ब्रीदर ह्याच दिवशी करून टाका. तारेने साफ करा, आणि जमलं तर त्या जागी नळीचा निप्पल बसवून डिझेलची रबरी नळी हँडलपर्यंत वर नेऊन तोंड खाली वाकवून बांधा. चिखल तिथवर पोचत नाही. चिखलणी करणाऱ्या टिलरला ह्याच्याइतकं उपयोगी आणि स्वस्त काम दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे.

सहावं : छर्रा आणि स्प्रिंग

वरचं सगळं ठीक, तरी दांडा स्वतःहून न्यूट्रलला येतोय, तर आता शिफ्टिंग रॉडचा छर्रा. रॉडला खाचा असतात, त्यात स्प्रिंगच्या जोराने एक पोलादी गोळी बसते आणि गिअर जागेवर धरते. पाणी गेलेल्या बॉक्समध्ये स्प्रिंग गंजून तुटते किंवा गोळी तिच्या भोकात अडकून बसते. बऱ्याच मशीनला ही वरच्या कव्हरजवळच्या बोल्टखाली मिळते, बॉक्स न खोलता. बोल्ट काढताना खाली स्वच्छ फडका अंथरा आणि गोळी चुंबकाने वर घ्या, ती आत पडली तर काम वाढलं. दोन-तीन स्प्रिंग असतील तर शेजारी उभ्या करून उंची बघा, जी बुटकी ती थकली. स्प्रिंगखाली वॉशर टाकून ताण वाढवायचा जुगाड सगळीकडे चालतो, मला तो पटत नाही, गिअर घालायला एवढा जोर लागतो की माणूस दांड्याला लाथ मारतो आणि आतला फोर्क वाकतो.

सातवं : खोलणं

इथवर येऊन बिघाड उरला असेल, किंवा ऑइलमध्ये कपचे आले असतील, तरच बॉक्स खोला. आणि हे काम मे महिन्याच्या आधी. मिरग (मृग नक्षत्र) लागल्यावर खोललेला बॉक्स म्हणजे संकट आहे, पार्ट कोल्हापूरहून येणार, करूळला किंवा आंबा घाटात दरड आली की पार्सल अडकणार, आणि इकडे तरवा (भाताची रोपं) जून होत जाणार, २१-२५ दिवसांचा तरवा लावायचा तो महिन्यावर गेला की फुटवे कमी.

आधी मशीन पूर्ण धुवा, वाळवा. जमिनीवर सपाट फळी टाकून जॅक त्यावर, जांभ्याच्या चिऱ्यावर जॅक लावू नका, चिरा पोटात पोकळ असला की अचानक फुटतो. इंजिन आणि हँडल उतरवताना दोन माणसं हवीत, शक्यतो चेन पुली. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो, आणि काढलेला प्रत्येक गिअर, वॉशर, शिम ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने प्लायवूडवर, तोंड कुठल्या बाजूला होतं तेही खडूने. पातळ शिम ऑइलने गिअरला चिकटून येतात, त्या हरवल्या की शाफ्टचा आडवा खेळ बदलतो आणि परत गिअर सुटायला लागतो, नवे पार्ट घालूनसुद्धा.

काय बघायचं? फोर्कची बोटं. एका बाजूने चकचकीत आणि पायरी पडलेली असतील तर फोर्क झिजलाय. नवा फोर्क गिअरच्या खाचेत अगदी थोडा सैल असतो, १ मिमीच्या आसपास खेळ आला की तो गिअर पूर्ण ढकलूच शकत नाही. मग सरकणाऱ्या गिअरच्या दातांच्या कडा. सरळ चौकोनी हव्यात. त्या निमुळत्या झाल्या असतील तर लोड आल्यावर दातच एकमेकांना बाजूला ढकलतात, छर्रा कितीही नवा असला तरी तो हे धरू शकत नाही. असा गिअर एकटा बदलू नका, ज्याच्याशी तो अडकतो तोही बदला, झिजलेल्याबरोबर नवा दोन मोसमात तसाच होतो. वेल्डिंग भरून घासलेले दात टिकत नाहीत, वरचा कडकपणा गेलेला असतो.

बेअरिंग सगळीच बदला असं मी सांगेन, बॉक्स एकदा खोललाय तर. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, ६२०५ म्हणजे २५ मिमी भोक आणि ५२ मिमी बाहेरून, ६३०५ चं भोक तेच २५ पण बाहेरून ६२, तेव्हा नुसतं भोक मोजून आणू नका. घालताना बेअरिंग ऑइलमध्ये १०० अंशांच्या आसपास गरम करा, ते अलगद सरकतं. गॅसची ज्योत थेट लावू नका. ठोकायचंच झालं तर शाफ्टवर जाताना आतल्या रिंगवर, घरात जाताना बाहेरच्या रिंगवर, उलट ठोकलं तर गोळ्यांना खड्डे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. सर्क्लिप नवीन. पॅकिंग मूळ जाडीचं, जाड पुठ्ठा कापून घातला तर त्यानेही शाफ्टचा खेळ वाढतो.

कव्हर बंद करायच्या आधी हाताने फिरवून एकेक गिअर घालून बघा, पुढचे सगळे आणि रिव्हर्स दोन्ही. प्रत्येक गिअरमध्ये दात पूर्ण रुंदीवर बसले पाहिजेत, दोन गिअर एकदम पडता कामा नयेत. एकही गिअर अडखळला तर बंद करू नका.

कुठे थांबायचं

खालचं काहीही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि जाणत्या मिस्त्रीला बोलवा.

बॉक्सच्या कास्टिंगला तडा. बिडाचं वेल्डिंग वेगळ्या रॉडने, आधी तापवून आणि हळू गार करून करावं लागतं, गेट-ग्रिलच्या वेल्डिंगवाल्याने केलं तर तडा शेजारून परत जातो. बेअरिंगचं घर मोठं होऊन बाहेरची रिंग त्यात फिरतेय. पंच मारून किंवा पत्रा घालून ती बसवतात, काही दिवस चालतं, मग शाफ्ट तिरका होऊन नवे गिअरही खातो, तिथे घर बोअर करून बुश घालणारा मशीन शॉपच पाहिजे. शाफ्ट वाकलाय किंवा स्प्लाइन पिळवटलेत. गिअर प्रेसशिवाय निघत नाहीये, घणाने काढायला जाऊ नका. आणि छोट्या ट्रॅक्टरचं डिफरन्शियल, त्यातल्या क्राउन-पिनियनचं अंतर आणि बेअरिंगचा ताण डायल गेजने मोजून शिम लावून बसवावा लागतो, अंदाजाने बसवलेलं क्राउन-पिनियन ओरडायला लागतं आणि मग जोडीच बदलावी लागते, ती महाग. ते घरी करू नका.

मिस्त्रीकडे देताना नुसता बॉक्स देऊ नका. काढलेलं ऑइल थोडं बाटलीत, चुंबकावर आलेले तुकडे कागदात, खोलतानाचे फोटो, आणि कुठल्या गिअरमध्ये सुटत होतं, चढावर की उतारावर, गरम झाल्यावर की सुरुवातीपासून, हे सगळं एका कागदावर लिहून द्या. आणि सील बसवताना शाफ्टवरची खाच बघायला सांगा, शक्यतो समोर उभं राहून.